वनस्पतींच्या अर्कातून धातूंचे नॅनोउत्प्रेरक

कडुनिंबाची किंवा गवती चहाची पाने पाण्यात उकळून काढलेला अर्क सोन्या-चांदीच्या क्षारांच्या द्रावणात मिसळला असता काही वेळात द्रावणाचा रंग पालटतो आणि त्यात धातूचे अतिसूक्ष्म कण तयार होतात. विषारी रसायनांचा वापर टाळून धातूंचे नॅनोकण मिळविण्याच्या या पद्धतीचा पाया ज्या मोजक्या प्रयोगशाळांनी घातला, त्यांत पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे स्थान वरचे आहे. या कणांचा उपयोग रासायनिक अभिक्रियांना गती देणारे उत्प्रेरक म्हणून करता येतो, असे त्यानंतरच्या संशोधनातून दिसून आले. मात्र ‘हरित’ या विशेषणाखाली केले जाणारे सर्वच दावे तपासणीत टिकलेले नाहीत. लोखंडाच्या बाबतीत तर मूळ समजूतच बदलावी लागली.

आकार लहान, पृष्ठभाग मोठा

नॅनोमीटर म्हणजे मीटरचा एक अब्जांश भाग. साधारणपणे १ ते १०० नॅनोमीटर आकाराच्या कणांना नॅनोकण म्हटले जाते. उत्प्रेरक अभिक्रियेचा वेग वाढवितो, परंतु अभिक्रियेत स्वतः खर्ची पडत नाही. घन धातूच्या बाबतीत हे काम केवळ पृष्ठभागावरील अणू करतात. आतले अणू नुसतेच अडकून पडलेले असतात. सोने, पॅलेडियम, प्लॅटिनम यांसारख्या महागड्या धातूंच्या बाबतीत ही मोठीच उधळपट्टी ठरते.

एक सेंटिमीटर बाजू असलेल्या घनाच्या पृष्ठभागाचे क्षेत्रफळ सहा चौरस सेंटिमीटर असते. त्याच घनाचे एक नॅनोमीटर बाजूचे तुकडे केले, तर एकूण पृष्ठभाग सहा हजार चौरस मीटर होतो. म्हणजे जवळजवळ दीड एकर जमीन. धातू तितकाच राहतो, पण कामाला लागणारे अणू कितीतरी पटींनी वाढतात.

आकारमान घटले की धातूचा स्वभावही बदलतो. सोने हा निष्क्रिय धातू, हीच रसायनशास्त्राची जुनी शिकवण होती. जपानचे शास्त्रज्ञ मासाताके हारुता यांनी १९८७ मध्ये तिला धक्का दिला. धातूंच्या ऑक्साइडवर बसविलेल्या सोन्याच्या काही नॅनोमीटर आकाराच्या कणांनी कार्बन मोनॉक्साइडचे ऑक्सिडीकरण शून्य अंश सेल्सिअसच्याही बरेच खाली घडवून आणले. त्यानंतर सोन्याच्या उत्प्रेरकांवरील संशोधनाला जगभर वेग आला.

जुनी पद्धत

धातूचे नॅनोकण करण्याची कल्पना नवी नाही. मायकेल फॅरडे यांनी १८५७ मध्ये सोन्याच्या क्षाराचे फॉस्फरसच्या साहाय्याने क्षपण करून माणकासारखे लाल द्रावण तयार केले होते. त्यांचे नमुने लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये जपून ठेवलेले आहेत. क्षपण म्हणजे धातूच्या आयनांना इलेक्ट्रॉन मिळून त्यांचे पुन्हा धातूत रूपांतर होणे. नॅनोकण बनविण्याच्या बहुतेक पद्धतींचे मूळ सूत्र हेच आहे. आयनांना इलेक्ट्रॉन द्यायचे आणि तयार झालेले कण एकमेकांना चिकटून त्यांचा गोळा होऊ नये, यासाठी त्यांच्याभोवती संरक्षक आवरण घालायचे.

विसाव्या शतकात या कामासाठी सोडियम बोरोहायड्राइड, हायड्राझिन यांसारखी प्रभावी क्षपणके रूढ झाली. यांपैकी हायड्राझिन विषारी असून ते कर्करोगास कारणीभूत ठरण्याची शक्यता मानली जाते. बोरोहायड्राइडचा पाण्याशी संबंध आला की ज्वालाग्राही हायड्रोजन बाहेर पडतो. कणांच्या आवरणासाठी वापरली जाणारी कृत्रिम संयुगे आणि सेंद्रिय द्रावके यांची विल्हेवाट हा आणखी एक प्रश्न. १९५१ मध्ये जॉन टर्केविच आणि सहकाऱ्यांनी सोन्याच्या कणांसाठी सायट्रेटचा वापर केलेली पद्धत मात्र पुष्कळ सौम्य होती. सायट्रेट हा सायट्रिक आम्लाचा क्षार, आणि हे आम्ल अठराव्या शतकात प्रथम वेगळे केले गेले ते लिंबाच्या रसातून. त्या अर्थाने वनस्पतिजन्य क्षपणकाची वाट आधीच उघडलेली होती. केवळ तिच्याकडे तशा दृष्टीने कोणी पाहिले नव्हते.

पुण्यातील प्रयोग

२००२ मध्ये अमेरिकेतील टेक्सास विद्यापीठाच्या एल पासो येथील संशोधकांनी लसूणघासाची जिवंत रोपे सोन्याचे आयन असलेल्या माध्यमात वाढविली. त्यांना रोपांच्या आत सोन्याचे नॅनोकण आढळले. मात्र रोपाच्या पेशींत तयार झालेले कण बाहेर काढणे हे कष्टाचे काम होते.

त्याच सुमारास पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत डॉ. मुरली शास्त्री, डॉ. अबसार अहमद आणि त्यांचे सहकारी बुरशींच्या साहाय्याने नॅनोकण मिळविण्यावर काम करीत होते. २००१ मध्ये एका बुरशीच्या पेशींत सोन्याचे कण तयार झाल्याचे त्यांनी दाखविले. पुढे फ्युजेरियम या बुरशीने पेशीबाहेर, म्हणजे थेट द्रावणात, चांदीचे कण तयार केले. पण बुरशी वाढविणे, तिचे संवर्धन निर्जंतुक ठेवणे आणि अभिक्रिया पूर्ण होईपर्यंत वाट पाहणे यांत बराच वेळ जात असे.

या गटाने २००३ मध्ये सुगंधी जिरेनियमच्या पानांचा अर्क वापरून चांदीचे आणि सोन्याचे कण मिळविले. त्याच झाडाच्या पानांत राहणाऱ्या एका बुरशीचीही त्यांनी तुलनेसाठी चाचणी घेतली. बुरशीने दिलेले सोन्याचे कण बहुतांशी गोल होते, तर पानांच्या अर्कातून दांड्या, चपटे पत्रे आणि त्रिकोण असे नाना आकार मिळाले. २००४ मध्ये कडुनिंबाच्या पानांच्या काढ्यावरील निबंध प्रसिद्ध झाला. सोने आणि चांदी यांचे आयन एकाच द्रावणात ठेवले असता आधी सोन्याचे कण तयार होतात आणि त्यांच्यावर चांदीचे कण बसतात, असे त्यात दिसून आले. बुरशीपेक्षा हा मार्ग फारच जलद होता. जैविक पद्धती वेगाच्या बाबतीत रासायनिक पद्धतींच्या बरोबरीला येऊ शकतील, ही शक्यता या निबंधाने ठळकपणे मांडली. त्याच वर्षी गवती चहाच्या अर्कातून सोन्याच्या पातळ त्रिकोणी चकत्या मिळाल्याचे ‘नेचर मटेरियल्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. कोरफडीचा क्रमांक त्यानंतर, २००६ मध्ये लागला.

यानंतर तुळस, हळद, आवळा, पपई, केळीची साल, डाळिंबाची साल अशा असंख्य वनस्पतींवर देशोदेशी प्रयोग झाले. स्वस्त साहित्य, साधी उपकरणे आणि डोळ्यांना दिसणारा परिणाम यांमुळे भारतातील लहान महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांनाही हा विषय आपलासा वाटला. केवळ झाड बदलून तोच प्रयोग पुन्हा करण्याची प्रवृत्तीही त्यातूनच बळावली, हे नाकारता येत नाही.

काचपात्रात काय घडते

कृती साधी आहे. पाने स्वच्छ धुऊन बारीक चिरतात. सुमारे २० ग्रॅम पाने १०० मिलीलिटर ऊर्ध्वपातित पाण्यात काही मिनिटे उकळून काढा गाळून घेतात. सिल्व्हर नायट्रेटच्या अत्यंत विरल द्रावणात या काढ्याचा थोडा भाग मिसळला की रंगहीन द्रावण पिवळे आणि मग तपकिरी होत जाते. सोन्याच्या बाबतीत फिकट पिवळ्या द्रावणाला लाल किंवा जांभळी छटा येते. धातूच्या कणातील मोकळे इलेक्ट्रॉन प्रकाशलहरींबरोबर एका ठरावीक वारंवारितेला आंदोलित होतात, त्यातून हे रंग उमटतात. चांदीचे लहान गोल कण ४०० नॅनोमीटरच्या जरा पुढे, तर सोन्याचे कण ५२० नॅनोमीटरच्या आसपास प्रकाश शोषून घेतात. कणांचे नेमके आकार पाहण्यासाठी मात्र इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकच लागतो.

इलेक्ट्रॉन देण्याचे काम पानांतील पॉलिफेनॉल, फ्लॅव्होनॉइड, टॅनिन, क्षपणक शर्करा आदी घटक करतात. प्रथिने, टर्पिनॉइड आणि इतर संयुगे कणांना वेढून त्यांना स्थिर ठेवतात. एकाच काढ्यातून क्षपणक आणि आवरण दोन्ही मिळतात, हे या पद्धतीचे खरे बलस्थान आहे.

आयुर्वेदातील भस्मांची आठवण येथे अनेकांना होते. धातूंवर वनस्पतींच्या रसांची भावना देण्याची प्रक्रिया तेथेही आहे. परंतु भस्मे अग्नीच्या वारंवार दिलेल्या पुटांतून सिद्ध होतात आणि त्यांत धातूचे रूपांतर बहुधा ऑक्साइड किंवा सल्फाइड यांत होते. सामान्य तापमानाला द्रावणात घडणारे क्षपण ही वेगळी प्रक्रिया आहे. दोहोंची सरमिसळ करणे योग्य ठरणार नाही.

उत्प्रेरकाची कसोटी

तयार झालेले कण उत्प्रेरक म्हणून कितपत चांगले आहेत, हे पाहण्यासाठी बहुतेक प्रयोगशाळा एकच परीक्षा घेतात. पॅरा-नायट्रोफिनॉल हे कीटकनाशके आणि रंग यांच्या उद्योगांतून सांडपाण्यात येणारे विषारी संयुग आहे. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या अग्रक्रमी प्रदूषकांच्या यादीत त्याचा समावेश आहे. सोडियम बोरोहायड्राइडच्या सान्निध्यात त्याचे द्रावण गडद पिवळे दिसते. ऊर्जेच्या हिशेबाने ही अभिक्रिया घडायला हवी. पण उत्प्रेरकावाचून ती अडून राहते आणि पिवळा रंग तसाच टिकतो. धातूचे नॅनोकण घातले की काही मिनिटांत रंग नाहीसा होतो आणि पॅरा-अमिनोफिनॉल तयार होते. ताप आणि वेदना यांवरील पॅरासिटामॉल या औषधाच्या निर्मितीतील हा एक टप्पा असल्याने अभिक्रियेला औद्योगिक महत्त्वही आहे. ४०० नॅनोमीटरजवळील प्रकाशशोषण घटत जाते आणि ३०० नॅनोमीटरजवळ नवे शोषण दिसू लागते. त्यावरून वेग मोजता येतो.

या कसोटीत एक विसंगती दडलेली आहे. ज्या बोरोहायड्राइडला कण बनविताना घातक म्हणून दूर ठेवले, तेच येथे भरपूर प्रमाणात ओतले जाते. वेगाचे गणित सोपे व्हावे म्हणून ते नायट्रोफिनॉलच्या कितीतरी पट घ्यावे लागते. शिवाय पानांच्या अर्काने सर्व आयनांचे क्षपण केलेले नसेल, तर उरलेल्या आयनांपासून बोरोहायड्राइड स्वतःच परीक्षानळीत नवे कण तयार करते. त्या कणांच्या कामाचे श्रेय मग पानांना दिले जाते. कण धुऊन, उरलेले आयन काढून टाकून मग चाचणी घेतली, तरच निष्कर्षाला अर्थ राहतो.

पॅलेडियमच्या बाबतीत कसोटी अधिक अर्थपूर्ण आहे. कार्बनचे दोन अणू जोडणाऱ्या पॅलेडियम-उत्प्रेरित अभिक्रियांच्या शोधासाठी रिचर्ड हेक, एइइची नेगिशी आणि अकिरा सुझुकी यांना २०१० चे नोबेल पारितोषिक मिळाले. औषधनिर्मितीत या अभिक्रिया सर्रास वापरल्या जातात. सिनसिनाटी येथील पर्यावरण संरक्षण संस्थेच्या प्रयोगशाळेत राजेंदर वर्मा आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये चहा आणि कॉफी यांच्या अर्कातून चांदी आणि पॅलेडियमचे कण सामान्य तापमानाला तयार केले. त्यानंतर वनस्पतींच्या साहाय्याने मिळविलेले पॅलेडियमचे कण जोड-अभिक्रियांत वापरून पाहिले जाऊ लागले.

लोखंडाचा पेच

विळीवर आवळा चिरला की फोडी आणि पाते दोन्ही काळवंडतात. आवळ्यातील टॅनिन आणि लोखंडाचे आयन यांच्यापासून गडद रंगाचे संयुग तयार होते. हिरडा आणि लोखंडाचा क्षार यांपासून शाई आणि कापडाचा काळा रंग बनविण्याची रीत याच गुणावर उभी होती.

हे लक्षात घेतले, तर पुढील वाद समजणे सोपे जाते. २००९ मध्ये चहातील पॉलिफेनॉलच्या साहाय्याने शून्य-संयुजी लोहाचे, म्हणजे धातुरूप लोखंडाचे, नॅनोकण तयार झाल्याचे प्रसिद्ध झाले. लोखंडाच्या क्षारात चहाचा अर्क घालताच द्रावण तत्काळ काळे होते आणि हायड्रोजन पेरॉक्साइडच्या जोडीने ते रंगद्रव्याचे विघटन करते, असे त्यात दाखविले होते. दूषित जमीन आणि भूजल स्वच्छ करण्यासाठी धातुरूप लोखंडाचे कण वापरले जात असल्याने या निष्कर्षाकडे अनेकांचे लक्ष वेधले गेले आणि त्या धर्तीवर अनेक प्रयोग झाले.

अडचण विद्युतरसायनशास्त्राची होती. आयनाचे धातूत रूपांतर होणे किती सोपे आहे, हे त्याच्या प्रमाण विभवावरून कळते. चांदीसाठी ते अधिक ०.८० व्होल्ट, तांब्यासाठी अधिक ०.३४ व्होल्ट आणि लोखंडासाठी उणे ०.४४ व्होल्ट आहे. सोने, चांदी, पॅलेडियम हे धातू इलेक्ट्रॉन सहज स्वीकारतात, त्यामुळे पॉलिफेनॉलसारखे सौम्य क्षपणकही त्यांना पुरते. तांब्याशी झगडावे लागते आणि बऱ्याचदा हाती ऑक्साइड येते. लोखंडापर्यंत मात्र पॉलिफेनॉलचा हात पोहोचत नाही. चेक प्रजासत्ताकातील ओलोमौत्स येथील संशोधकांनी २०१४ मध्ये हिरव्या चहापासून मिळालेल्या अशा कणांची बारकाईने तपासणी केली. त्यांना धातुरूप लोखंडाऐवजी लोह आणि पॉलिफेनॉल यांच्या संयुगाचे कण आढळले. पाण्यातील सूक्ष्म जीवांवर या कणांचे अपायकारक परिणामही त्यांनी नोंदविले.

थोडक्यात, ज्याला धातू समजले जात होते ती हिरड्याच्या शाईची चुलत बहीण होती. याचा अर्थ आधीचे प्रयोग खोटे होते असा नव्हे. हायड्रोजन पेरॉक्साइडबरोबर ही संयुगेही उत्प्रेरकाचे काम करू शकतात आणि रंगद्रव्याचे विघटन खरोखर होते. चुकीचे ठरले ते त्याचे स्पष्टीकरण. केवळ काळा रंग हा धातूचा पुरावा मानता येत नाही, हे यातून पुढे आले. तरीही असे दावे करणारे निबंध त्यानंतरही प्रसिद्ध होत राहिले.

आवरण, ऋतू आणि प्रमाण

कणांना स्थिर ठेवणारे वनस्पतिजन्य आवरण उत्प्रेरकाच्या मुळावरही येऊ शकते. पृष्ठभाग झाकला गेला, तर अभिक्रियेतील रेणूंना धातूपर्यंत पोहोचायला वाट उरत नाही. आवरण जाळून टाकण्यासाठी कण तापविले, तर ते एकमेकांत वितळून मोठे होतात आणि मिळविलेला पृष्ठभाग हातचा जातो. यावर उपाय म्हणून कण सिलिका, कार्बन, टायटेनियम डायऑक्साइड किंवा चुंबकीय लोहऑक्साइड यांच्या आधारावर बसविले जातात. चुंबकीय आधार असल्यास अभिक्रियेनंतर उत्प्रेरक चुंबकाने ओढून वेगळा करता येतो.

दुसरा प्रश्न पुनरावृत्तीचा. चैत्रातील कोवळी पालवी आणि पावसाळ्यानंतरची जून पाने यांतील घटकांचे प्रमाण सारखे नसते. जमीन, पाणी, झाडाचे वय, पाने सुकविण्याची पद्धत या सर्वांचा परिणाम अर्कावर होतो. एका ठिकाणी मिळालेले कण दुसऱ्या ठिकाणी त्याच आकाराचे मिळतील, याची खात्री देता येत नाही. कारखान्याला नेमकी तीच हवी असते. म्हणून काही संशोधक अख्ख्या काढ्याऐवजी गॅलिक आम्ल किंवा चहातील कॅटेचिन यांसारखे शुद्ध घटक वापरतात. त्यामुळे निष्कर्ष खात्रीचे होतात, पण शुद्धीकरणाचा खर्च वाढतो.

तिसरा मुद्दा साध्या हिशेबाचा आहे. प्रयोगात सर्वसाधारणपणे वापरल्या जाणाऱ्या एक मिलीमोलर सिल्व्हर नायट्रेटच्या एक लिटर द्रावणात जेमतेम ०.१०८ ग्रॅम चांदी असते. वर वर्णन केलेल्या काढ्याचे ५ मिलीलिटर ४५ मिलीलिटर द्रावणास घ्यायचे, असे धरल्यास एक किलो चांदीसाठी नऊ हजार लिटरहून अधिक द्रावण आणि सुमारे दोनशे किलो पाने लागतील. पाने उकळण्याचे इंधन, ऊर्ध्वपातित पाणी, कण वेगळे काढण्यासाठी लागणारी वीज आणि उरलेले सांडपाणी हे सर्व जमेस धरले, तरच पद्धत किती हरित आहे ते ठरेल. १९९८ मध्ये पॉल अनास्टास आणि जॉन वॉर्नर यांनी मांडलेल्या हरित रसायनशास्त्राच्या बारा तत्त्वांत विषारी पदार्थ टाळण्याबरोबरच ऊर्जेची बचत आणि कचऱ्याचा प्रतिबंध यांचाही समावेश आहे. चहाचा चोथा किंवा फळप्रक्रिया उद्योगातील साली वापरणारे प्रयोग या दृष्टीने झाडाची ताजी पाने तोडण्यापेक्षा अधिक योग्य म्हणावे लागतील.

रंग गेला, पण विष?

तिरुप्पूर, पाली, इचलकरंजी यांसारख्या वस्त्रोद्योगाच्या केंद्रांत रंगाचे सांडपाणी हा जुना आणि जाचक प्रश्न आहे. तिरुप्पूरमधील रंगकाम करणारे कारखाने बंद करण्याचा आदेश मद्रास उच्च न्यायालयाने २०११ च्या जानेवारीत दिला होता. त्यामुळे नॅनोकणांनी रंगीत पाणी क्षणात स्वच्छ केल्याची छायाचित्रे पाहून अपेक्षा वाढणे स्वाभाविक आहे.

मेथिलीन ब्लू या रंगद्रव्याचे क्षपण झाले की ते रंगहीन होते, परंतु त्याचा रेणू तुटत नाही. हवेतील ऑक्सिजन मिळताच तो पुन्हा निळा होऊ शकतो. ॲझो गटातील रंगांचे क्षपण केल्यास रेणूचे तुकडे होतात. पण त्यांतून ॲरोमॅटिक अमाइन तयार होतात आणि त्यांपैकी काही, उदाहरणार्थ बेंझिडीन, कर्करोगकारक आहेत. पाणी नितळ दिसते, पण ते पिण्याजोगे किंवा नदीत सोडण्याजोगे झाले असे म्हणता येत नाही. पाण्यातील एकूण सेंद्रिय कार्बन किती घटला, हे मोजल्याशिवाय निर्णय देणे घाईचे ठरते. चांदीचे कण वापरले असतील, तर पाण्यात झिरपणारे चांदीचे आयनही जलचरांना घातक असतात.

औषधनिर्मितीत या झिरपण्याला ठरवून दिलेली मर्यादाच आहे. औषधांच्या गुणवत्तेविषयीच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार तोंडावाटे घेण्याच्या औषधांतून पॅलेडियम दिवसाला १०० मायक्रोग्रॅमपेक्षा अधिक पोटात जाता कामा नये. जोड-अभिक्रियांत कणांवरून सुटलेले पॅलेडियमच कित्येकदा खरे काम करीत असते. म्हणून तापलेल्या मिश्रणातून उत्प्रेरक गाळून काढायचा आणि उरलेल्या द्रावात अभिक्रिया थांबते की चालूच राहते ते पाहायचे, ही चाचणी घेतली जाते. अभिक्रिया चालू राहिली, तर धातू द्रावणात उतरला आहे असे समजावे लागते. कण कडुनिंबाच्या काढ्यातून आलेले असोत वा बोरोहायड्राइडच्या बाटलीतून, ही चाचणी दोघांनाही सारखीच लागू आहे.